विश्लेषण : परदेशी ठगांचे फोन रोखण्यासाठी शेजारी देशांची साथ का हवी?

बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव त्वरिता देवीच्या मंदिरासाठी ओळखले जाते. इतर गावांप्रमाणे येथेही पीएम-किसानचा हप्ता आणि पीक विम्याची भरपाई थेट बँक खात्यात जमा होते आणि खाते मोबाइलला जोडलेले असते. त्यामुळे ‘बँकेतून बोलतोय’ असे सांगणारा एक फोन हंगामाची कमाई नेऊ शकतो. असे अनेक फोन कंबोडिया, म्यानमार, लाओसमधील फसवणूक केंद्रांतून येतात.

परदेशातील फोनवर भारतीय क्रमांक कसा दिसतो?

इंटरनेटवरून केलेल्या कॉलमध्ये कॉल करणाऱ्याचा क्रमांक बदलता येतो. दूरसंचार जाळ्यांची जुनी रचना परस्पर विश्वासावर उभी आहे. एका देशातील कंपनीने पुढे पाठवलेला क्रमांक दुसऱ्या देशातील कंपनी खरा मानत आली आहे.

भारताने काय केले?

२२ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने असे बनावट कॉल रोखणारी यंत्रणा सुरू केली. +९१ क्रमांकाचा कॉल परदेशातून आला, की तो ग्राहक खरोखर रोमिंगवर आहे का, हे तपासले जाते. नसेल तर कॉल अडवला जातो. पहिल्या २४ तासांत सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल रोखले गेले. नोव्हेंबर २०२४च्या दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांनुसार कंपन्यांना सुरक्षेला धोका पोहोचवणारी घटना ६ तासांत सरकारला कळवावी लागते.

एकट्या देशाचे प्रयत्न का अपुरे?

टोळ्या वाट बदलतात. देशातच ‘सिमबॉक्स’ बसवून परदेशी कॉल स्थानिक भासवले जातात. थायलंडने ५ फेब्रुवारी २०२५ रोजी म्यानमार सीमेवरील भागांचा वीज, इंधन आणि इंटरनेट पुरवठा तोडला. पण केंद्रे उपग्रह इंटरनेटकडे वळली. ऑक्टोबर २०२५मध्ये स्टारलिंकला म्यानमारमधील २,५०० हून अधिक संच बंद करावे लागले. याउलट, सहकार्य झाले तेव्हा परिणाम दिसला. नोकरीच्या आमिषाने म्यानमारमधील केंद्रांत अडकलेले ५४९ भारतीय मार्च २०२५मध्ये थायलंडमार्गे दोन दिवसांत परत आणले गेले.

सहकार्य कुठवर आले आहे?

भारत, म्यानमार आणि थायलंडसह सात देशांच्या ‘बिमस्टेक’ गटाच्या सायबर सुरक्षा तज्ज्ञांची बैठक जुलै २०२२मध्ये दिल्लीत झाली. दक्षिण आशियाई दूरसंचार नियामकांची परिषद १९९७पासून कार्यरत आहे. मात्र कंबोडिया आणि लाओस यांपैकी कोणत्याही गटात नाहीत. ते ‘आसियान’चे सदस्य आहेत. दुसरी अडचण वेगाची आहे. चोरलेले पैसे काही मिनिटांत अनेक खात्यांतून फिरतात, तर दोन देशांतील कायदेशीर मदतीच्या पत्रव्यवहाराला अनेकदा महिने लागतात. संशयित क्रमांकांची माहिती तत्काळ देणारी व्यवस्था शेजाऱ्यांमध्ये उभी राहिली, तरच हे अंतर कमी होईल.

ग्राहकांनी काय करावे?

भारतीय क्रमांकावरून कॉल आला, पण तो परदेशातून असल्याचा संशय असेल, तर ‘संचार साथी’ संकेतस्थळावर किंवा अॅपवर तक्रार करावी. आपल्या नावावर किती सिमकार्ड आहेत, हेही तेथे कळते. पैसे गेले असल्यास १९३० क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता कमी.