हौसेला मोल असते

‘हौसेला मोल नाही’ ही म्हण मराठी समाजाने लग्नकार्यापासून बैलगाड्यांच्या शर्यतीपर्यंत सर्वत्र मोठ्या अभिमानाने वापरली आहे. अर्थशास्त्राला मात्र ती मान्य करता येत नाही. हौसेला मोल असते. ते सारे एकाच वेळी मोजावे लागत नाही, म्हणून नसल्याचा भास होतो, इतकेच. या भासाचे आजचे ठळक उदाहरण म्हणजे वापरलेली जर्मन स्पोर्ट्स मोटार: दोन दारांची कूपे, किंवा छप्पर उघडणारी कन्व्हर्टिबल. नवी असताना जिला चाळीस-पन्नास लाख रुपये पडले असतील, तीच मोटार दहा-बारा वर्षांनी दहा-बारा लाखांत मिळू शकते. चारचौघांसारखी साधी नवी मोटार घ्यावी तेवढ्याच पैशांत!

हा मोह आता धनिकांपुरता उरलेला नाही. शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या हद्दीजवळ, भीमेच्या खोऱ्यात वसलेल्या मांडवगण फराटा या गावाचे उदाहरण घ्यावे. हा उसाचा पट्टा आहे. न्हावऱ्याचा घोडगंगा, पाटसचा भीमा अशा सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात वाढलेल्या पिढ्यांना पैसा एकरकमी हाती येण्याची सवय आहे. कारकुनाचा पगार महिन्याच्या महिन्याला येतो व महिन्यातच विरतो. उसाचे बिल, जमिनीचा मोबदला किंवा शिक्षकाला मिळणारी वेतन आयोगाची थकबाकी ही मात्र एकदम येते. एकदम आलेल्या पैशाला एकदम जाण्याचीही ओढ असते. अशा वेळी घरातला कॉलेजात जाणारा मुलगा त्या दोन दारांच्या मोटारीचे छायाचित्र वडिलांपुढे धरतो, आणि ‘एवढ्यात मिळतेय तर काय हरकत आहे?’ असा प्रश्न घरात उभा राहतो. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

जर्मन मोटारीविषयीचा आदर या भूमीला नवा नाही. १९५४ साली टेल्कोने डेमलर-बेंझशी करार केला आणि तीन टोकांची चांदणी मिरवणारे मालट्रक देशभरच्या रस्त्यांवर धावू लागले. हा करार १९६९ मध्ये संपला, पण बेंझ हे नाव ड्रायव्हर-मिस्त्रींच्या तोंडी टिकून राहिले. १९९५ मध्ये मर्सिडीजच्या मोटारींची जुळणी पिंपरीत सुरू झाली. २००९ मध्ये मर्सिडीज आणि फोक्सवॅगन या दोहोंचे कारखाने चाकणला उभे राहिले. पुढे ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत दीडशे मर्सिडीज मोटारी एकाच वेळी खरेदी केल्या गेल्या. सुमारे ६५ कोटी रुपयांच्या त्या व्यवहाराची चर्चा देशभर झाली. त्या मोटारींना २०२५ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण झाली. वर्तमानपत्रांनी खरेदीचा दिवस गाजवला. त्यानंतरच्या पंधरा वर्षांच्या देखभालीचा हिशेब कोणी छापल्याचे आढळत नाही. खरा अभ्यासविषय तोच होता.

किंमत उतरते, खर्च उतरत नाही

जुन्या मोटारीच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे तत्त्व असे की, तिची बाजारातील किंमत उतरते, परंतु तिचा सांभाळण्याचा खर्च त्या प्रमाणात उतरत नाही. पन्नास लाखांच्या मोटारीची ब्रेकची तबकडी, तिचा गिअरबॉक्स, तिचे शॉक-अॅब्सॉर्बर हे सारे पन्नास लाखांच्या मोटारीचेच राहतात. मोटार बारा लाखांना मिळाली म्हणून सुट्या भागांचा विक्रेता बारा लाखांच्या मोटारीचा दर लावीत नाही. उलट वय वाढते तसे रबर कडक होते, तारा तडकतात, नळ्या गळू लागतात आणि खर्च चढत जातो. एका रेषेने किंमत खाली येते, दुसरीने खर्च वर जातो. या दोन रेषा जेथे एकमेकींना छेदतात, नेमके तेथेच पहिला मालक मोटार विकायला काढतो. आपण ज्याला स्वस्ताई म्हणतो, ती पुष्कळदा पुढे येणाऱ्या बिलांची आगाऊ वजावट असते.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, बारा लाखांना मोटार घेतली. तीच रक्कम बँकेत सात टक्क्यांनी ठेवली असती तर वर्षाला ८४ हजार रुपये व्याज मिळाले असते, ते बुडाले. मोटारीची किंमत दरवर्षी १ लाख २० हजारांनी घटली असे धरू. विमा, देखभाल, टायर आणि एखादी मोठी दुरुस्ती मिळून १ लाख ५६ हजार धरू. बेरीज होते ३ लाख ६० हजार. दोन माणसांची ही मोटार शेतावर, बाजाराला किंवा सहकुटुंब देवदर्शनाला उपयोगी नाही. तेव्हा ती वर्षाकाठी पाच हजार किलोमीटर चालली, तर प्रत्येक किलोमीटरला ७२ रुपये पडले. पेट्रोल वेगळे. हा आकडा पाहूनही ज्याला मोटार घ्यावीशी वाटते त्याने ती अवश्य घ्यावी. त्याने हौसेचे मोल जाणून घेतले आहे.

बैलबाजार आणि मोटारबाजार

दुसरा मुद्दा माहितीचा. चाकणला आज जर्मन मोटारींचे कारखाने असले, तरी त्याआधी चाकणची ख्याती होती ती जनावरांच्या बाजारासाठी. बैल घेणारा शेतकरी दात पाहतो, खुरे पाहतो, चालवून पाहतो, जमल्यास जू मानेवर ठेवून पाहतो. तरीही बैलाची खोड विकणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्याला घरी नेल्यावर कळते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हाच प्रश्न जुन्या मोटारींच्या निमित्ताने मांडला. फसव्या निघणाऱ्या मोटारीला अमेरिकी बोलीत ‘लेमन’, म्हणजे लिंबू म्हणतात. अॅकरलॉफ यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: चांगली मोटार कोणती आणि वाईट कोणती हे ग्राहकाला ओळखता येत नाही, म्हणून तो दोहोंना मधलीच किंमत देऊ करतो. ती किंमत चांगल्या मोटारीच्या मालकाला परवडत नाही, म्हणून तो बाजारातून निघून जातो. मागे वाईट मोटारींचे प्रमाण वाढते, किंमत आणखी पडते, आणखी काही चांगल्या मोटारी निघून जातात. हा निबंध आधी तीन नियतकालिकांनी नाकारला होता. २००१ साली अॅकरलॉफ यांना त्याच संशोधनासाठी इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. ते १९६७-६८ मध्ये वर्षभर भारतात होते, आणि त्या निबंधात आपल्याकडील सावकारी कर्जाचेही विवेचन आहे.

या सिद्धांताचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट आहे. बाजारात जी मोटार सर्वांत स्वस्त दिसते, ती बहुधा ज्याला तिची खोड ठाऊक आहे त्यानेच विकायला काढलेली असते. त्यातच काही मोटारी पुरात बुडालेल्या असतात. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नईला पूर आला, तेव्हा पाण्यात गेलेल्या कितीतरी महागड्या मोटारी विमा कंपन्यांनी लिलावात काढल्या. काही मोटारी दिल्लीकडून येतात. तेथे राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांमुळे आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरल्यामुळे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारींचा भाव कोसळला. या बंधनांत पुढे बदल झाले. परंतु परराज्यातील मोटार महाराष्ट्रात कायम ठेवायची तर ना-हरकत प्रमाणपत्र, नवी नोंदणी आणि येथील कर हे सोपस्कार चुकत नाहीत. त्यांचा खर्च किमतीत मिळवल्याखेरीज ‘दिल्लीची स्वस्त मोटार’ स्वस्त की महाग, ते सांगता येत नाही.

मोटार आली, व्यवस्था आली नाही

येथे मूळ मुद्द्याकडे यावे लागते. जर्मन मोटारीची कीर्ती केवळ तिच्या पोलादात नाही. जर्मनीत खासगी मोटारीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी होते. ‘ट्यूफ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि तशाच इतर अधिकृत संस्था ती करतात. ब्रेकपासून गंजापर्यंत सारे तपासतात आणि किलोमीटरचा आकडा अहवालात लिहून देतात. हा आकडा मागे फिरवणे तेथे २००५ पासून फौजदारी गुन्हा आहे. बेल्जियमने तर २००६ च्या अखेरीस अशी व्यवस्था सुरू केली की, गॅरेजने प्रत्येक कामाच्या वेळी किलोमीटर कळवायचे आणि विकणाऱ्याने त्या नोंदींचा दाखला दिल्याशिवाय जुनी मोटार विकायची नाही. अॅकरलॉफ यांच्या लिंबावरचा उतारा त्या समाजांनी असा शोधला.

आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. या दीर्घ काळात धुराच्या तपासणीखेरीज कोणतीही नियमित सक्तीची तपासणी नाही. आपण मोटार आयात केली, पण तिला निरोगी ठेवणारी व्यवस्था आयात केली नाही. ही उणीव मग मालकाला स्वतःच्या खिशातून भरून काढावी लागते. मांडवगणसारख्या गावात तर ती अधिकच जाणवते. ट्रॅक्टरचे इंजिन डोळे मिटून उघडणारा तेथील कसबी मिस्त्रीसुद्धा संगणकाच्या विशिष्ट यंत्राशिवाय या मोटारीचा दोष वाचू शकत नाही. मोटार बंद पडली की ती ट्रकवर चढवून पुण्याला न्यावी लागते. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेला रस्ता आणि गावागावांतील उंच गतिरोधक यांचा विचार करून जमिनीपासून वीतभर उंचीची मोटार कोणी घडवलेली नाही.

निवड कशी करावी

तरीही ज्याची हौस या हिशेबातून तावून-सुलाखून निघाली असेल, त्याने काही पथ्ये पाळावीत. पहिले, हाती असलेल्या रकमेच्या दोन-तृतीयांशांतच मोटार पाहावी आणि उरलेला तिसरा हिस्सा पहिल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा. बारा लाख असतील तर आठ लाखांची मोटार घ्यावी. आठ लाखांत मनासारखी मिळत नसेल, तर आपल्याला ती परवडत नाही असे समजावे.

दुसरे, जिची अंतरंगे सर्वसाधारण मोटारींशी मिळतीजुळती आहेत ती निवडावी. ऑडी टीटीचा पाया फोक्सवॅगन गोल्फ आणि स्कोडा ऑक्टाव्हिया यांच्या कुळातला आहे. मर्सिडीज एसएलकेचे बरेच अवयव सी-क्लासचे आणि बीएमडब्ल्यू झेड-४ चे थ्री-सीरिजचे सोयरे आहेत. या सेडान मोटारींची जुळणी भारतात झाल्यामुळे त्यांचे भाग आणि जाणकार मिस्त्री तुलनेने सहज मिळतात. पोर्शे बॉक्स्टर देखणी खरी. पण तिच्या जुन्या इंजिनांतील एक लहानसे बेअरिंग तुटले तर सारे इंजिन निकामी होते, ही गोष्ट जगजाहीर आहे. मर्यादित खिशाच्या माणसाने तिच्यापासून दूर राहावे हे बरे.

तिसरे, कूपे आणि कन्व्हर्टिबल यांत कूपे निवडावी. उघडणारे छप्पर म्हणजे पंप, मोटारी, नळ्या आणि रबरी पट्ट्यांचे एक स्वतंत्र यंत्र असते. आपल्याकडे उन्हाळ्यात ऊन, पावसाळ्यात पाऊस आणि एरवी धूळ. छप्पर उघडण्याजोगे दिवस मोजकेच उरतात. त्यातून कन्व्हर्टिबलच घ्यायची असेल, तर छप्पर चार-पाच वेळा उघडून-मिटून पाहावे आणि आतील गालिचे उचलून ओल व गाळ तपासावा.

चौथे, मॉडेलपेक्षा इतिहास महत्त्वाचा मानावा. देखभालीच्या सर्व पावत्या असलेली अधिक किलोमीटरची मोटार ही पावत्या नसलेल्या कमी किलोमीटरच्या मोटारीपेक्षा चांगली. त्रयस्थ तज्ज्ञाकडून तपासणीला विक्रेता नकार देत असेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

पाचवे, कागद. कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद पाहावी. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवणे कायद्याने आवश्यक आहे. विकणाऱ्यानेही यात हयगय करू नये. मोटार विकली तरी नोंदणी ज्याच्या नावे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात दिला आहे. विम्यावरील ‘नो क्लेम’ बोनस मालकाचा असतो, मोटारीबरोबर येत नाही. तेव्हा तो हिशेबात धरू नये.

वैयक्तिक सावधगिरीला अर्थातच मर्यादा आहेत. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना अधिकृत प्रमाणपत्र घेण्याचा नियम लागू झाला, हे स्वागतार्ह पाऊल होते. त्यापुढे जाऊन धुराच्या तपासणीच्या वेळी आणि गॅरेजमधील प्रत्येक कामाच्या वेळी किलोमीटरचा आकडा सरकारी नोंदवहीत चढवावा आणि तो कोणाही ग्राहकाला पाहता यावा. याला फारसा खर्च येणार नाही. याचा लाभ जर्मन मोटार घेणाऱ्या मूठभरांपेक्षा जुनी स्कूटर घेणाऱ्या विद्यार्थ्याला आणि जुनी छोटी मोटार घेणाऱ्या शिक्षकाला अधिक होईल. कारण फसगत सोसण्याची ताकद त्यांच्याकडे सर्वांत कमी असते. तोवर उसाचे बिल हाती आलेल्या घराने एवढेच करावे: मोटारीची किंमत विचारण्याआधी ती विकणारा का विकतो आहे, हे विचारावे, आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत पैसे बँकेतच राहू द्यावेत.