जुनं घर घेताना : भिंत, भेग आणि बहिणीची सही

मागच्या व्याख्यानानंतर इथला, माणमधलाच, एक तरुण मला थांबवून म्हणाला, "सर, प्रश्न तत्त्वज्ञानाचा नाही, घराचा आहे." हिंजवडीच्या एका कंपनीत देखभालीचं काम करतो. टॉवरमधला फ्लॅट परवडत नाही. गावठाणात एक जुनं विटांचं घर स्वस्तात मिळतंय. वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे त्यात जायचे आहेत. म्हणाला, "घर बघितलं, भिंती भक्कम आहेत. उद्या इसार देऊ का?"

मी त्याला विचारलं, "तू नेमकं काय बघितलंस?" आजचं व्याख्यान या एका प्रश्नावर आहे. आणि मला विचाराल, तर हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे.

आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत, त्यांना प्रमाणं म्हणतात. त्यातली तीन आज घेऊ : प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द. घर घेताना माणूस फसतो तो बहुतेक वेळा एका प्रमाणाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला जातो म्हणून.

पहिलं प्रत्यक्ष. जुन्या घरात बहुधा खांब-तुळया नसतात, छपराचा भार थेट भिंतींवर असतो. म्हणजे "मधली भिंत पाडून हॉल मोठा करू" हा विचार आधी इंजिनिअरला विचारायचा, मग गवंड्याला. विटा कशात बांधल्या आहेत ते बघा : मातीत, चुन्यात की सिमेंटमध्ये? जिथे गिलावा निघालाय तिथे विटांमधला सांधा किल्लीने खरवडा. भुगा सहज पडत असेल तर विटा चांगल्या असूनही भिंत कच्ची आहे. १९९३ साली किल्लारीला माणसं गेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींखाली. जाडी म्हणजे मजबुती नव्हे, हे तिथे फार महागात कळलं. दारं-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना बांधून ठेवणारा काँक्रीटचा सलग पट्टा आहे का, तेही विचारा. आणि घर शक्यतो पावसाळ्यात बघा. मे महिन्यात प्रत्येक घर कोरडंच असतं.

दुसरं अनुमान. धूर दिसला की अग्नी आहे असं आपण म्हणतो. तशी भेग दिसली की कारण शोधायचं. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक रेघा फारशा चिंतेच्या नसतात. पण खिडकीच्या कोपऱ्यातून जिन्यासारखी तिरकी उतरत गेलेली भेग असेल, तर पाया खचल्याचा संशय घ्यावा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पायाला हलवत राहते. भेग जुनी आहे की अजून वाढतेय? भेगेवर काचेची एक पातळ पट्टी आडवी, दोन्ही टोकांना सिमेंट लावून बसवा आणि काही महिने वाट बघा. काच तडकली, तर भिंत अजून हलतेय. विकणारा तेवढं थांबणार नसेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला नेऊन दाखवा. एकाच भिंतीला, तेही खालच्या दोन-तीन फुटांतच ताजा रंग दिसला, तर त्यामागे ओल आहे का ते विचारायला लाजू नका.

इथवर त्या तरुणाचं बरोबर होतं. चूक पुढे होती. भिंत दिसते, पण मालकी दिसत नाही. रघुनाथ शिरोमणी या नव्य नैयायिकाने तर 'स्वत्व' हा एक स्वतंत्र पदार्थच मानावा असं म्हटलं. विटेचा लाल रंग जसा विटेत दिसतो, तशी 'ही वीट अमक्याची' ही गोष्ट विटेत दिसत नाही. तिथे तिसरं प्रमाण लागतं : शब्द, म्हणजे कागद.

पण शब्द कुणाचा? आप्ताचा. ज्याला गोष्ट ठाऊक आहे आणि जो ती खरी सांगतो, तो आप्त. ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि घरपट्टीची पावती कर कोणाच्या नावावर आहे ते सांगतात. तेवढ्यापुरतीच ती आप्त. मालकी त्यांनी सिद्ध होत नाही. त्यासाठी गावठाणात मिळकत पत्रिका, गावठाणाबाहेर सातबारा आणि फेरफार, आणि दोन्हीकडे मागच्या तीस वर्षांच्या दस्तांचा शोध, तोही वकिलाकडून. गुंठ्या-गुंठ्यावर (एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट) बांधलेलं घर असेल, तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली ते नियमित झालंय का, हे बघा. 'नोटरीवर' मिळणारं घर स्वस्त असतं, त्याचं कारण तिथेच आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये वा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पुन्हा बजावलं. बँक कर्ज नाकारत असेल, तर चिडू नका, कारण विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. १९८४ साली मीही असंच एक जुनं घर घेतलं. भिंती ठोकून बघितल्या, विहिरीचं पाणी चाखलं, दोन भावांच्या सह्या घेतल्या. दोन वर्षांनी एक बाई आल्या, ओसरीवर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "दादा, हे माझ्या वडिलांचं घर. मला कुणी विचारलं नाही." वडील मृत्युपत्र न करता गेले होते. १९५६ च्या कायद्याने मुलगीही वारस होती. त्या खोटं बोलत नव्हत्या आणि मीही त्यांना फसवलं नव्हतं. शेवटी पत्नीच्या पाटल्या मोडल्या आणि त्यांचा वाटा दिला. त्यांनी हक्कसोडपत्र करून दिलं, जाताना मुलांच्या हातावर खाऊ ठेवला.

आज तर मुलीचा हक्क आणखी पक्का आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट झालं. म्हणून घर विकणाऱ्या भावांना विचारा, "बहिणी किती? कुठे दिल्या?" उत्तर येईपर्यंत इसार खिशात ठेवा. मग वंशावळ बघा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, शेजारच्या म्हाताऱ्यांशी बोला. आणि इसार पावतीत लिहून घ्या की मालकी निर्वेध निघाली नाही, तर पैसे परत.

तो तरुण परवा परत भेटला. म्हणाला, "सर, तीन बहिणी निघाल्या. दोघी सही करतायत. धाकटी मात्र विचार करतेय."

मी म्हटलं, "करू दे. घर तिचंही आहे. इतकी वर्षं उभी असलेली भिंत आणखी दोन महिने उभी राहील."