पाळीच्या दिवसांत पाण्यात उतरावे का?



एप्रिल-मे महिन्यांत पुण्यातले पोहण्याचे तलाव मुलामुलींनी भरून जातात. शिक्षणासाठी किंवा सुटीतल्या शिबिरासाठी गडचिरोली, नंदुरबारकडून आलेल्या आपल्या मुलीही कधी त्यांत असतात. त्यांतली एखादी चार दिवस काठावरच बसून राहते. कारण विचारले तर "अडचण आहे" एवढेच सांगते. पाळी चालू असताना पोहले तर खरेच काही बिघडते का?

निरोगी मुलीचे काहीही बिघडत नाही. पण ती का घाबरते, हे आधी समजून घेऊ.

गडचिरोलीतील माडिया व गोंड समाजाच्या अनेक गावांत पाळीच्या दिवसांत स्त्रियांना गावाच्या कडेला असलेल्या 'कुर्मा घरा'त राहावे लागते. त्यांनी स्वयंपाक करायचा नाही, गावच्या विहिरीवर पाणी भरायचे नाही. घरातली दुसरी बाई जे अन्नपाणी आणून देईल त्यावर भागवायचे. ही प्रथा बंद करण्यासाठी पावले उचलावीत, असे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2015 मध्ये राज्य सरकारला सांगितले होते. तरीही ती चालू राहिली. पुढे मुंबईच्या खेरवाडी सोशल वेल्फेअर असोसिएशनने काही गावांत मोडक्या झोपड्यांच्या जागी खाटा, संडास आणि पाण्याची सोय असलेली पक्की घरे बांधली. त्यामुळे हाल कमी झाले, पण वेगळे बसणे काही सुटले नाही. जिला विहिरीपाशी जायची मुभा नाही, ती तलावात कशी उतरेल? आणि आपण शहरातल्यांनीही फार हसू नये. "लोणच्याच्या बरणीला हात लावू नकोस" हे आपल्याही घरांत ऐकू येतेच.

आता शरीराचे पाहू. एका पाळीत सरासरी 30 ते 40 मिलिलिटर रक्त जाते, म्हणजे साधारण दोन-तीन मोठे चमचे, आणि तेही चार-पाच दिवसांत मिळून. तलावात लाखो लिटर क्लोरीनयुक्त पाणी असते. त्यामुळे पाणी 'बाटत' नाही. गर्भाशयाचे तोंड अगदी अरुंद असते, म्हणून पोहताना तलावाचे पाणी आत गर्भाशयात शिरत नाही. गार पाण्याने पाळी कायमची थांबते, हाही गैरसमज आहे. पाण्यात असताना दाबामुळे स्राव बाहेर कमी येतो एवढेच. बाहेर आल्यावर तो पुन्हा सुरू होतो, म्हणून गडद रंगाचा टॉवेल हाताशी असावा. हलक्या व्यायामाने पोटातल्या कळा कमी होतात, हा अनेकींचा अनुभव आहे.

साधा पॅड किंवा घडी मात्र पाण्यात उपयोगाची नाही. ती तलावाचेच पाणी शोषून फुगते आणि सुटते. पर्याय तीन आहेत. टॅम्पॉन चार ते आठ तासांत बदलावा, विसरून राहिल्यास क्वचित गंभीर जंतुसंसर्ग होतो. मासिक पाळीचा कप बारा तासांपर्यंत चालतो, पुन्हा पुन्हा वापरता येतो, पण हात स्वच्छ धुणे आणि पाळी संपल्यावर तो उकळणे आवश्यक आहे. स्राव कमी असेल तर शोषणारे अस्तर असलेला पोहण्याचा पोशाख पुरतो. "कपने कौमार्य जाते का?" असे आया विचारतात. तसे नाही. तो पडदा सायकल चालवताना, खेळतानाही ताणला जाऊ शकतो. त्यावरून मुलीची परीक्षा होत नाही.

काळजी कुठे घ्यावी? तासा-दोन तासांत पॅड भिजत असेल, पाळी सात दिवसांहून जास्त चालत असेल, चक्कर येत असेल, तर पोहणे बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. आदिवासी भागातील मुलींबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्यांच्यात सिकलसेल आजार जास्त आढळतो, आणि गार पाण्याने या आजाराच्या तीव्र वेदना सुरू होऊ शकतात. हे पाळी असो वा नसो, लागू आहे. अशा मुलीने डॉक्टरांना विचारूनच उतरावे, भरपूर पाणी प्यावे आणि बाहेर येताच अंग कोरडे करावे. नदीच्या दूषित पाण्यात तर कुणीच उतरू नये.

2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चीनची जलतरणपटू फू युआनहुई रिले शर्यतीनंतर दमून खाली बसली. आदल्या दिवशी पाळी आली, म्हणून थकवा आहे, असे तिने कॅमेऱ्यासमोर सरळ सांगितले. ती पोहली होती, आणि थकवाही तिने लपवला नाही. आपल्या मुलींना दोन्हींची मोकळीक हवी.

मार्काच्या पाचव्या अध्यायातली स्त्री आपल्याला ठाऊक आहे. बारा वर्षे रक्तस्राव सोसलेल्या तिने गर्दीत प्रभूच्या वस्त्राला स्पर्श केला, तेव्हा त्याने तिला दूर लोटले नाही. मुलगी म्हणून हाक मारली.

म्हणून शिबिर किंवा सहल ठरवताना आपल्या मंडळीने एवढे पाहावे: कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली, पाण्याची बादली, झाकणाचा कचऱ्याचा डबा, दोन-तीन गडद टॉवेल आणि विचारायला संकोच वाटणार नाही अशी एखादी ताई. मग पोहायचे की काठावर बसायचे, हे त्या मुलीनेच ठरवावे.