इथली सुगी

आपल्याकडे सुगी म्हणजे घरात धान्य येण्याचा आनंद. योकोहामात सुगी म्हणजे देवदारासारखं उंच झाड, आणि फेब्रुवारीपासून शिंका! इथे त्याला 'काफुन्शो' म्हणतात, परागकणांची ॲलर्जी. गेल्या वर्षी डोळे चोळत लेकीने विचारलं, "आई, हे पराग बनतात तरी कसे?" माझ्यातली जुनी बाई जागी झाली.

महायुद्धानंतर जपानने डोंगरच्या डोंगर सुगीने भरले. सुगी सपुष्प नाही, अनावृतबीजी आहे; पण पराग घडण्याची सुरुवात आपल्या जास्वंदीसारखीच. मातृपेशीत २२ गुणसूत्रं असतात. अर्धगुणसूत्री विभाजनात ती लागोपाठ दोनदा विभागते आणि प्रत्येकी ११ गुणसूत्रांच्या चार पेशी होतात. प्रत्येकीचा एक परागकण. हे विभाजन शरद ऋतूतच होतं. म्हणजे आपण चकल्या तळतो, तेव्हा फेब्रुवारीच्या शिंकांची तयारी झालेली असते!

१९९२ मध्ये तोयामात पराग न सोडणारी सुगी सापडली. तिच्यात चार पेशी होतात, पण परागकण पक्व होत नाहीत. आपल्या कानागावातही २००४ मध्ये हादानोला असं झाड मिळालं. आता त्याची रोपं लावतात. जंगल बदलायला कित्येक दशकं जातील. लेक म्हणाली, "मग माझा मास्क?" तो यंदाही घ्यायचाच, बाळा.