फौजेनंतरचा उद्योग (लेखांक 6) : अनुदान कुठे असते आणि हातात कसे येते

माजी सैनिकाला उद्योग सुरू करण्यासाठी सरकार रोख रक्कम देते, हा समज गावोगाव आढळतो. तशी योजना नाही. जे अनुदान आहे ते बँकेच्या कर्जाला जोडलेले आहे. बँकेने कर्ज मंजूर केले नाही तर अनुदानाचा प्रश्नच उद्भवत नाही.  

या प्रकारातली सर्वांत मोठी योजना म्हणजे 2008 साली सुरू झालेला पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. 2022 मध्ये केंद्राने तो 2025-26 पर्यंत पुढे चालू ठेवला आणि प्रकल्पखर्चाची कमाल मर्यादा उत्पादनासाठी 50 लाख व सेवेसाठी 20 लाख रुपये केली. मुदत आणि रकमा अशा आदेशांनी बदलतात, म्हणून अर्जाच्या वर्षी चालू असलेला आदेश आधी पाहावा. या कार्यक्रमात माजी सैनिक विशेष प्रवर्गात मोडतो. खुल्या प्रवर्गातील अर्जदाराला शहरी भागात 15 आणि ग्रामीण भागात 25 टक्के अनुदान मिळते. विशेष प्रवर्गाला अनुक्रमे 25 आणि 35 टक्के. स्वतःचा वाटाही 10 टक्क्यांऐवजी 5 टक्केच घालावा लागतो. ओबीसी, अनुसूचित जाती-जमाती आणि महिला आधीच विशेष प्रवर्गात असल्याने त्यांना माजी सैनिक म्हणून वेगळी भर मिळत नाही. खऱ्या अर्थाने फरक पडतो तो खुल्या प्रवर्गातल्या जवानाला.

पनवेलमध्ये शहरी की ग्रामीण हा प्रश्न नुसता कागदी राहत नाही. 1 ऑक्टोबर 2016 रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली आणि खारघर, कामोठे, कळंबोली या सिडको वसाहतींबरोबर रोहिंजण, घोट, कोयनावेळे यांसारखी गावेही तिच्या हद्दीत आली. भोवती भातशेती असली तरी योजनेच्या हिशेबात ही गावे शहरी आहेत. महापालिकेच्या हद्दीबाहेरचे नेरे मात्र ग्रामपंचायतीचे गाव आहे.

समजा, लष्कराच्या ईएमई विभागात वेल्डिंग शिकलेला एक निवृत्त हवालदार ग्रिल आणि शटरचे फॅब्रिकेशन युनिट टाकतो. लोखंड कळंबोलीच्या पोलाद बाजारातून येणार, प्रकल्पखर्च 12 लाख. युनिट कामोठ्यात असो की नेऱ्यात, दोन्हीकडे त्याचे स्वतःचे 60 हजार आणि बँकेचे 11 लाख 40 हजार. कामोठ्यात अनुदान 3 लाख, नेऱ्यात 4 लाख 20 हजार. जागेचा करार करण्याआधी हा हिशेब मांडला, तर सव्वा लाखाच्या आसपासचा फरक वेळेत लक्षात येतो. जमिनीची किंमत प्रकल्पखर्चात धरता येत नाही, हेही तेव्हाच ध्यानात घ्यावे.

अनुदानाची रक्कम उद्योजकाच्या खात्यात खर्चासाठी पडत नाही. ती बँकेत त्याच्या नावाने तीन वर्षे मुदत ठेवीत राहते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या हिश्शावर व्याज लागतही नाही. म्हणजे कामोठ्याच्या उदाहरणात मूळ 11 लाख 40 हजारांपैकी व्याज चालते ते 8 लाख 40 हजारांवर. तीन वर्षांनी प्रत्यक्ष पाहणी होते आणि युनिट चालू असेल तर ठेव कर्जखात्यात वळती होते. नेमकी हीच बाब अर्जदाराला कोणी नीट समजावून सांगत नाही, आणि मग पहिल्या हप्त्यालाच तो बँकेत जाऊन अनुदान कुठे गेले म्हणून विचारतो.

कागदपत्रांत डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश (पीपीओ) आणि माजी सैनिक ओळखपत्र ही मुख्य. रायगडचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अलिबागला आहे. घाटावरून येऊन कामोठ्यात स्थायिक झालेल्या अनेकांची नोंद अजून साताऱ्याला किंवा सांगलीला असते. ती रायगडला वर्ग करून घेतली, तर पुढच्या दाखल्यांसाठी दोन जिल्ह्यांत खेटे घालावे लागत नाहीत. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि त्यातच यंत्रणा निवडायची: खादी व ग्रामोद्योग आयोग, राज्याचे खादी मंडळ किंवा जिल्हा उद्योग केंद्र. सोबत प्रकल्प अहवाल लागतो. तो आयता विकत आणलेला असला की बँकेच्या अधिकाऱ्याला दुसऱ्याच प्रश्नाला कळते. यंत्राचे कोटेशन, विजेचा भार, महिन्याला किती किलो लोखंड लागेल, हे अर्जदाराला स्वतःला सांगता आले पाहिजे. उद्योजकता विकास प्रशिक्षणही पूर्ण करावे लागते.

सर्वांत जास्त नुकसान क्रम चुकल्याने होते. निवृत्तीची ग्रॅच्युइटी हातात आली की शटर उघडले जाते आणि वर्षभराने अनुदानाची चौकशी सुरू होते. पण ही योजना फक्त नव्या युनिटसाठी आहे. चालू धंदा किंवा आधी दुसरे सरकारी अनुदान घेतलेले युनिट तिच्यात बसत नाही. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. त्यामुळे अर्ज आधी, यंत्र नंतर. नोकरीच्या शेवटच्या काळात पुनर्वसन महासंचालनालयाचे व्यवसाय प्रशिक्षण घेता येते. प्रकल्प अहवालाची तयारी तेव्हाच सुरू करणे उत्तम.

राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम 2019 पासून आहे. तिथेही माजी सैनिकाला शहरात 25, गावात 35 टक्के अनुदान आणि 5 टक्के स्वगुंतवणूक. दोन्हींतला एकच घेता येतो. मसाले, पापड, भात गिरणी असे अन्नप्रक्रियेचे काम असेल तर 2020 मध्ये सुरू झालेली केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना पाहावी. तिच्यात 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये मिळतात आणि चालू युनिटलाही विस्तारासाठी अर्ज करता येतो.

ज्यांनी दुकान आधीच थाटले आहे त्यांच्यासाठी मुद्रा कर्ज उरते. त्यात अनुदान नाही, पण तारणही लागत नाही. मुद्रा कर्ज वेळेवर फेडून नफ्यात आलेल्या युनिटला पुढे पंतप्रधान कार्यक्रमाच्या दुसऱ्या कर्जासाठी अर्ज करता येतो. उत्पादन उद्योगाला 1 कोटीपर्यंतच्या विस्तारावर 15 टक्के अनुदान त्यात आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी आणि मागील वर्षांचे हिशेब जवळ हवेत. ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते.