हॉल फुल, खिसा रिकामा: पॉम्पलमूस बँडच्या दौऱ्याचा हिशोब आपल्याला काय शिकवतो?



गेल्या महिन्यात एका बँजो पार्टीवाल्या भावाचा मेसेज आला. लग्नसराईत सुपाऱ्या फुल, गणपतीत फुल, लोक नाचतात, मोबाइलवर शूटिंग करतात. पण सीझन संपला की हातात काही उरत नाही. त्यांचा प्रश्न होता, "सर, भारीतलं लाइट-साउंड घ्यायला सहा लाखांचं कर्ज काढू का? मग रेट वाढवता येईल."

मी लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. कारण मला अमेरिकेतला एक छोटा बँड आठवला. त्यांनीही असाच मोठा डाव टाकला होता आणि नंतर सगळा हिशोब, अगदी आकड्यांसकट, लोकांसमोर ठेवला. असं फार कमी धंदेवाले करतात. म्हणून आज तोच हिशोब आपण वहीसारखा उघडून बघू. तुमचा बँड असो, केटरिंग असो की माझ्यासारखं स्टेशनरी-गिफ्टचं दुकान असो, मुद्दा सगळ्यांना लागू आहे.

बँड कोणता?

नाव पॉम्पलमूस. फ्रेंचमध्ये ग्रेपफ्रूटला, म्हणजे आपल्या पपनसाच्या भाऊबंदाला जो शब्द आहे, त्याचंच हे मोडकं-तोडकं स्पेलिंग. बँडमध्ये माणसं दोनच. जॅक काँटे आणि नॅटली डॉन. दोघं कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकले आणि २००८ मध्ये त्यांनी हा बँड सुरू केला.

मागे कुठली मोठी म्युझिक कंपनी नाही. घरातच गाणं रेकॉर्ड करायचं, घरातच शूट करायचं आणि यूट्यूबवर टाकायचं. त्यांचा एक नियम होता. जो आवाज ऐकू येतो, तो वाजवताना किंवा गाताना दिसलाच पाहिजे. नुसते ओठ हलवायचे नाहीत. त्यामुळे प्रेक्षकाला वाटायचं की आपण त्यांच्या खोलीतच बसलोय.

२००९ मध्ये त्यांनी बियॉन्सेचं 'सिंगल लेडीज' आपल्या पद्धतीने केलं आणि ते खूप गाजलं. २०१० च्या नाताळात ह्युंदाई गाड्यांच्या टीव्ही जाहिरातींत हीच जोडी गाताना दिसली. आता बाहेरून बघणाऱ्याला काय वाटणार? पोरं सेट झाली!

मग उतार कुठे आला?

व्ह्यूज वाढले म्हणजे पैसे त्याच प्रमाणात वाढले, असं झालं नाही. काँटेने स्वतःच्या एका गाण्याच्या व्हिडिओसाठी एका प्रसिद्ध सिनेमातल्या यानाच्या कॉकपिटसारखा सेट उभारला. सुमारे १०,००० डॉलर खर्च झाले. आणि जाहिरातीतून मिळणारे पैसे त्या खर्चापुढे किरकोळ होते. बघणारे लाखांनी, मिळकत नावाला.

यातून त्याला एक प्रश्न पडला. हे लाखो लोक राहू देत, पण त्यातले जे थोडे खरे चाहते आहेत, त्यांनी प्रत्येक व्हिडिओमागे थोडे थोडे पैसे दिले तर? २०१३ मध्ये त्याने सॅम याम या मित्राबरोबर 'पेट्रिऑन' ही वेबसाइट सुरू केली. आपल्याकडचे भिशीवाले किंवा दूधवाले ज्याला रतीब म्हणतात, तसाच हा प्रकार. गिऱ्हाईक ठरलेलं, रक्कम ठरलेली, दर वेळी नव्याने गिऱ्हाईक शोधायची धावपळ नाही.

हे लक्षात ठेवा. याचा उपयोग पुढे आहे.

२०१४ चा दौरा

२०१४ च्या शरद ऋतूत पॉम्पलमूस अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला. २८ दिवस, २३ शहरं, २४ कार्यक्रम. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'फिलमोर' या नावाजलेल्या हॉलमध्ये हजारावर तिकिटं गेली.

या वेळी त्यांनी दोघांचाच कार्यक्रम केला नाही. चार वादक आणि दोन मदतनीस पगारावर घेतले, लाइट भाड्याने घेतले, गाडी आणि ट्रेलर घेतला. पहिलं तिकीट विकायच्या आधीच बराच खर्च डोक्यावर होता आणि त्यातला मोठा भाग क्रेडिट कार्डावर होता.

दौरा संपल्यावर काँटेने हिशोब मांडला. जमेची बाजू अशी:

- तिकीटविक्री: ९७,५१९ डॉलर
- टी-शर्टसारख्या वस्तूंची विक्री: २९,७१४ डॉलर
- लेनोवो कंपनीची स्पॉन्सरशिप: ८,७५० डॉलर
- एकूण जमा: १,३५,९८३ डॉलर

आणि खर्चाची बाजू:

- सामान, लाइट, गाडी वगैरे: २६,४५० डॉलर
- हॉटेल आणि जेवण: १७,५८९ डॉलर
- पेट्रोल, विमानभाडं, पार्किंग, टोल: ११,८१६ डॉलर
- विमा: ५,४४५ डॉलर
- वादक-मदतनीसांचे पगार आणि रोजचा भत्ता: ४८,०९४ डॉलर
- विकायच्या वस्तू बनवणं, प्रसिद्धी, पाठवणी: २१,९४५ डॉलर
- बुकिंग एजन्सी आणि इतरांचं कमिशन: १६,४६३ डॉलर
- एकूण खर्च: १,४७,८०२ डॉलर

ताळा करून बघा. तोटा ११,८१९ डॉलर. तेव्हाच्या भावाने सात लाख रुपयांच्या पुढे.

महिनाभर हॉल भरले, लोक नाचले, टाळ्या झाल्या आणि वर खिशातले सात लाख गेले.

हा हिशोब वाचायचा कसा?

१. एका सुपारीचा हिशोब काढा. २४ कार्यक्रमांनी भागलं तर एका कार्यक्रमाची जमा साधारण ५,६६६ डॉलर आणि खर्च साधारण ६,१५८ डॉलर. म्हणजे प्रत्येक रात्री सुमारे ४९२ डॉलरची खोट. आता सांगा, त्याच शहरांत त्याच खर्चात आणखी दहा कार्यक्रम केले असते तर फायदा झाला असता? नगाला खोट असेल तर जास्त नग विकून धंदा सावरत नाही. उलट खड्डा वाढतो. अपवाद एकच. वाढीव कार्यक्रमांनी ठरलेला खर्च वाटला जाऊन नगाचा पडता खाली येत असेल तर. म्हणून पुढचा मुद्दा.

२. ठरलेला खर्च आणि वाढता खर्च वेगळा लिहा. गाडी आणि लाइट महिन्यासाठी घेतले की हॉलमध्ये दोनशे लोक येवोत की हजार, भाडं तेवढंच. पगारही तसेच. एकूण खर्चाचा जवळजवळ तिसरा हिस्सा पगार-भत्त्यांत गेला. पण कमिशन विक्रीबरोबर वाढतं. इथे जमेच्या शंभर डॉलरमागे बारा डॉलर कमिशन होतं. आपण भाव ठरवताना नेमकं हेच विसरतो.

३. वरचा पैसा बाजूला काढून बघा. लेनोवोचे ८,७५० डॉलर मिळाले नसते तर तोटा २०,५६९ डॉलर झाला असता. स्पॉन्सर, एखादी मोठी ऑर्डर, नातेवाइकाने बिनभाड्याने दिलेला टेम्पो ही मदत आहे. त्यावर धंद्याचं गणित बसवू नका.

४. किती कमी पडलं, ते बघा. तोटा भरून काढायला तिकीटविक्री साधारण १२ टक्के जास्त हवी होती. वाढीव विक्रीवरचं कमिशन धरलं तर त्याहून थोडी जास्त. म्हणजे शंभर माणसांच्या जागी ११४-११५. हा आकडा निघण्याआधी अनेकांना तो माहीतच नसतो!

मग ते वेडे होते का?

हिशोब बाहेर आल्यावर टीकाही भरपूर झाली. लोक म्हणाले, एवढी माणसं कशाला? स्वस्तात राहायचं, दोघांनीच जायचं. काही जणांनी असंही बोट दाखवलं की हा माणूस पेट्रिऑनचा मालक आहे, कलाकार कसे तोट्यात असतात हे सांगण्यात त्याचा फायदा आहे. टीका विचार करण्यासारखी आहे.

पण काँटेचं म्हणणं होतं की हा तोटा त्यांनी समजून-उमजून घेतला. दोघांनीच दौरा केला असता तर पैसे सुटले असते, पण लोकांना मोठा, दणदणीत कार्यक्रम दाखवायचा होता. आज आलेला माणूस पुढच्या वेळी मित्रांना घेऊन येईल, हा विचार होता. म्हणजे ती गुंतवणूक.

आता इथे खरी गोम आहे. तोट्याला 'गुंतवणूक' कुणीही म्हणू शकतो. मग फरक कशात? फरक पाठीमागच्या रतीबात आहे. पॉम्पलमूसकडे गाण्यांची ऑनलाइन विक्री होती आणि पेट्रिऑनवरचे चाहते होते. दौरा बुडाला तरी घर चालत होतं. दोघंही बँडमधून ठरलेला, बेताचा पगार घेत होते आणि बाकीचे पैसे धंद्यात ठेवत होते. म्हणून एका महिन्याच्या तोट्याने बँड मोडला नाही. पुढे पेट्रिऑनच्या व्यापात त्यांचा वेग कमी झाला, नंतर पुन्हा नियमित व्हिडिओ सुरू झाले, अगदी फ्रेंच गाण्यांचा अल्बमही केला.

आता माझी चूक सांगतो

काही वर्षांपूर्वी दिवाळीआधी मी एका प्रदर्शनात चार दिवस स्टॉल लावला. गल्ला १,८६,००० रुपये! रात्री नोटा मोजताना हात दुखले. मी त्याच आनंदात दुकानातल्या दोन्ही पोरांना जादा बोनस दिला आणि नवीन शोकेसची ऑर्डर देऊन टाकली.

तीन आठवड्यांनी होलसेलवाल्याचा फोन आला, पैसे पाठवा. तेव्हा वही घेऊन बसलो. माल १,३०,०००, स्टॉलचं भाडं २८,०००, पोरांचा जादा रोज आणि जेवण ९,६००, फुटतूट ८,४००, टेम्पो ७,०००, लाइट-बॅनर ६,५००. बेरीज १,८९,५००. म्हणजे ३,५०० रुपयांचा तोटा, आणि मी 'नफा' समजून जे खर्च केले ते वेगळेच. होलसेलवाल्याचे पैसे द्यायला आईच्या नावाची एफडी मोडली. आई काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

बीबीएला मी ब्रेक-इव्हनचा पेपर चांगल्या मार्कांनी पास झालो होतो. पण पेपर पास होणं वेगळं आणि स्टॉल लावायच्या आधी कागद घेऊन बसणं वेगळं.

त्या भावाला मी काय सांगितलं?

कर्ज काढा किंवा काढू नका, हे मी नाही सांगितलं. तीन गोष्टी लिहून आणायला सांगितल्या.

- गेल्या सीझनमधल्या कुठल्याही पाच सुपाऱ्या घ्या. प्रत्येकीचा इसार, बाकी, पोरांचा रोज, डिझेल, जेवण, सुपारी आणून देणाऱ्याचं कमिशन लिहा. एका सुपारीला काय उरतं? स्वतःची हजेरी धरायला विसरू नका.
- सहा लाखांचा महिन्याचा हप्ता किती? तो भरायला महिन्याला किती सुपाऱ्या लागतील? आणि पावसाळ्यात, सुपाऱ्या नसताना, तो कुठून भरणार?
- पाठीमागे रतीब काय? वाजवण्याचा क्लास, साउंड भाड्याने देणं, एखाद्या मंडळाचं वर्षाचं ठरलेलं काम, काहीही चालेल.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. पाचपैकी दोन सुपाऱ्यांत तोटा निघाला. दोन्ही लांबच्या गावच्या होत्या, डिझेल आणि मुक्कामाचा खर्च दरात धरलाच नव्हता. भाऊ म्हणाले, "सर, आधी लांबचा रेट बदलतो. कर्जाचं दिवाळीनंतर बघू."

मला हे उत्तर आवडलं. मोठा डाव टाकू नका, असं मी कधीच म्हणणार नाही. पण डाव टाकण्याआधी किती हरलो तरी घर चालेल, हा आकडा वहीत असू द्या. टाळ्या वहीत लिहिता येत नाहीत.

आज रात्री दुकान बंद केल्यावर एकाच ऑर्डरचा हिशोब लिहून बघा. पुढच्या व्हिडिओत आपण भाव ठरवताना विसरले जाणारे खर्च बघणार आहोत, तेव्हा ही वही समोर ठेवा.

भेटू लवकरच!