मैल किती, मोल किती?

१७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईकडे निघालं. त्या रात्री असंख्य प्रवाशांच्या खात्यात ‘जेटप्रिव्हिलेज’ योजनेचे मैल साठलेले होते. अनेकांनी ते किराणा, विजेचं बिल, लग्नाची खरेदी असं सगळं एकाच क्रेडिट कार्डावर करून जमवले होते. मैल बुडाले नाहीत. ती योजना चालवणारी कंपनी वेगळी होती आणि त्याच वर्षी तिनं ‘इंटरमाइल्स’ हे नाव घेतलं. पण ज्या विमानांत बसायचं म्हणून ते जमवले, ती विमानंच जमिनीवर होती.

प्रवासासाठी क्रेडिट कार्ड निवडताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मैल किंवा पॉइंट म्हणजे पैसा नव्हे. बँकेनं किंवा विमान कंपनीनं दिलेला तो शब्द असतो, आणि तो बदलण्याचा हक्क तिनं अटींमध्ये आपल्याकडे ठेवलेला असतो.

शब्द किती बदलू शकतो, याचं अलीकडचं मोठं उदाहरण अ‍ॅक्सिस बँकेच्या ‘मॅग्नस’ कार्डाचं. महिन्यात १ लाख रुपये खर्च केले की २५ हजार पॉइंटांची वेगळी भेट मिळायची. दर २०० रुपयांमागे १२ पॉइंट या नेहमीच्या दरानं आणखी ६ हजार. एकूण ३१ हजार पॉइंट, आणि विमान कंपनीच्या खात्यात पाठवताना ५ पॉइंटांचे ४ मैल, म्हणजे महिन्याला २४,८०० मैल. या हिशेबावर अनेकांनी युरोप-अमेरिकेची बिझनेस क्लासची तिकिटं काढली. १ सप्टेंबर २०२३ पासून महिन्याची भेट बंद झाली आणि साध्या ‘मॅग्नस’साठी ५ पॉइंटांचे २ मैल झाले. त्याच १ लाखाचे आता २,४०० मैल. वार्षिक शुल्क मात्र १० हजारांवरून साडेबारा हजार झालं.

ज्यांनी मैल जमतील तसे वापरले, त्यांची सहल झाली. ज्यांनी ‘पुढच्या वर्षी मोठी ट्रिप करू’ म्हणून पॉइंट साठवले, त्यांच्या साठ्याची किंमत एका दिवसात अर्ध्यावर आली.

तेव्हा कार्डाच्या जाहिरातीत ‘किती पॉइंट मिळतात’ हे वाचून थांबण्यात अर्थ नाही. एक पॉइंट वटवला की हातात किती पडतं, ते पाहायचं. एचडीएफसी बँकेच्या ‘इन्फिनिया’चा एक पॉइंट बँकेच्या ‘स्मार्टबाय’ संकेतस्थळावर विमान तिकिटासाठी वापरला तर १ रुपयाचा ठरतो. तोच बिलातून वळता करून घेतला तर ३० पैशांचा. कार्ड तेच, पॉइंट तोच, किंमत तिपटीहून जास्त वेगळी. शिवाय बँकेच्या संकेतस्थळावरचं भाडं विमान कंपनीच्या भाड्याशी ताडून पाहावं लागतं. तिथं तिकीटच महाग असेल, तर पॉइंटांची कमाई त्या फरकातच जिरते.

पॉइंट विमान कंपनीकडे पाठवून तिकीट काढणं हा सगळ्यात फायद्याचा मार्ग, आणि सगळ्यात कष्टाचाही. एअर इंडिया २०१४ पासून ‘स्टार अलायन्स’ या गटात आहे, त्यामुळे तिच्या पॉइंटांवर लुफ्तान्सा किंवा सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानातही जागा मिळू शकते. लेक फ्रँकफर्टला किंवा म्युनिकला नोकरी करते आणि आईवडील दर वर्षी-दीड वर्षानं जातात, अशा घराला हे सोयीचं आहे. पण मैलांवर मिळणाऱ्या जागा मोजक्या असतात. मे महिन्यात आणि दिवाळीत, म्हणजे नेमक्या आपल्या सुट्टीत, त्या लवकर संपतात. कर आणि इतर आकार रोखीनं भरावेच लागतात. आणि बँकेकडून एकदा पाठवलेले पॉइंट सहसा परत येत नाहीत, म्हणून आधी जागा दिसली पाहिजे, मग पॉइंट पाठवायचे.

या आधीही एक पायरी आहे, आणि बहुतेक लोक तीच गाळतात. घरखर्चातला किती भाग खरोखर कार्डावर जातो? गृहकर्जाचा हप्ता त्यात नाही. घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, पेट्रोल यांवर अनेक बँका आता पॉइंट देत नाहीत. विम्याच्या हप्त्यावर बऱ्याच ठिकाणी मर्यादा आहे. भाजी, दूध, रिक्षा यूपीआयवर. महिन्याला ७० हजार खर्च करणाऱ्या घराचे समजा २५ हजार कार्डावर जात असतील, तर वर्षाचे ३ लाख होतात.

आता ५ हजार शुल्काचं कार्ड घ्या. १८ टक्के जीएसटी धरून ते ५,९०० रुपये. एखादं मोफत कार्ड दीड टक्का रोख परत देत असेल आणि हे प्रवासाचं कार्ड अडीच टक्के मोलाचे मैल देत असेल, तर जास्तीचा फायदा १ टक्का. नुसतं शुल्क भरून निघायला वर्षाचा खर्च ५ लाख ९० हजार हवा. ३ लाखांवर ते कार्ड तोट्यात आहे. शुल्काच्या बदल्यात पहिल्या वर्षी मिळणारी भेट हा हिशेब झाकून टाकते. तो दुसऱ्या वर्षी उघडा पडतो.

खर्चाचे टप्पे गाठले की भेट देणारी कार्डंही आहेत. अमेरिकन एक्सप्रेसच्या ‘प्लॅटिनम ट्रॅव्हल’ची ओळखच वर्षाला १ लाख ९० हजार आणि ४ लाख या दोन टप्प्यांवर झाली. पावणेचार लाखांवर थांबणाऱ्याला दुसऱ्या टप्प्याचं काही मिळत नाही. मग वर्षअखेरीला टप्पा गाठायचा म्हणून नको असलेला फोन घेतला जातो. हे कार्ड लहान दुकानांत अनेकदा चालतही नाही.

परदेशी जाणाऱ्या घरानं पॉइंटांच्याही आधी परकीय चलनाचा आकार पाहावा. अनेक कार्डांवर तो साडेतीन टक्के आहे, जीएसटी धरून ४.१३ टक्के. सहलीत २ लाखांचा खर्च कार्डावर केला तर ८,२६० रुपये यातच जातात. इतके रुपये परत देणारे पॉइंट त्या खर्चावर क्वचितच मिळतात. आयडीएफसी फर्स्ट बँकेचं ‘वाव’, फेडरल बँकेचं ‘स्कॅपिया’ ही कार्डं हा आकार न लावण्यासाठीच ओळखली जातात. आणि तिकडच्या दुकानदारानं मशीन पुढे करून ‘रुपयांत की युरोत?’ विचारलं, तर युरोत. रुपयांतला दर दुकानाच्या बाजूनं ठरतो आणि तो जवळपास नेहमी महाग पडतो.

ज्यांचा प्रवास मुख्यतः रेल्वेचा, त्यांना विमानाच्या मैलांचा काय उपयोग? मुंबईहून कोकणात, मडगावला किंवा नागपूरला वातानुकूलित डब्यातून वर्षात आठ-दहा वेळा जाणाऱ्यासाठी एसबीआयचं आयआरसीटीसी कार्ड पुरेसं आहे. शुल्क थोडं, आणि पॉइंट थेट रेल्वेच्या तिकिटावर वापरता येतात.

विमानतळावरच्या लाउंजसाठी कार्ड घेऊ नये. आधीच्या तिमाहीत ठराविक खर्च केला असेल तरच प्रवेश, अशी अट २०२४ पासून अनेक बँकांनी घातली आहे.

आणि महिन्याचं बिल पूर्ण भरता येणार नसेल, तर यातलं कुठलंच कार्ड नको. महिन्याला पावणेचार टक्के व्याज म्हणजे वर्षाला ४५ टक्के. ५० हजार रुपये एक महिना थकले तर १,८७५ रुपये व्याज, वर जीएसटी. अडीच टक्क्यांनी त्याच खर्चावर मिळालेले मैल असतात १,२५० रुपयांचे.

घेतलेलं कार्ड पुढे परवडेनासं झालं तर ते बंद करणं अवघड नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, थकबाकी नसेल तर अर्ज मिळाल्यापासून ७ कामकाजाच्या दिवसांत बँकेनं कार्ड बंद करायचं. उशीर झाला तर दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. अर्ज देण्याआधी खात्यातले पॉइंट मात्र वापरून घ्यावेत. कार्ड बंद झालं की बहुतेक ठिकाणी तेही जातात.